पुस्तकं थोडी हरवू द्या मॅडम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही मूळच्या मराठीच्या शिक्षिका, शाळा हडपसरच्या बाजूला, पाचवी ते दहावी, सातशेच्या आसपास मुलं. ग्रंथपाल रिटायर झाले, जागा भरली नाही आणि जूनपासून लायब्ररीचा चार्ज तुमच्या गळ्यात पडला. आठ लोखंडी कपाटं, रजिस्टरप्रमाणे ३,२०० पुस्तकं. मुलं लायब्ररीच्या तासाला पुस्तक नेतात आणि पुढच्या आठवड्यात न उघडताच परत आणतात, नववी-दहावीची तर फिरकतही नाहीत, आणि मुख्याध्यापक म्हणतात मुलांना वाचनाची गोडी लावा. कशी लावायची ते कोणी सांगत नाही.

मी पुण्यातच दोन शाळांत मिळून २७ वर्षं ग्रंथपालाचं काम केलं, त्यातली पहिली नऊ अर्धवेळ म्हणून. दोन वर्षांपूर्वी सुटले. त्यामुळे जे सांगतेय ते पुस्तकी नाही, चुका करून करून आलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर पहिली आठ-दहा वर्षं मुलं आणि पुस्तकं यांच्यामध्ये मीच आडवी उभी होते.

उद्याच्या ऑफ तासाला एक काम करा. कुठल्याही कपाटातला एक कप्पा पूर्ण बाहेर काढा आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली डेटस्लिप बघा, म्हणजे पुस्तक नेलं की तारखेचा शिक्का मारतो तो कागद. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या हातात चाळीस पुस्तकं होती, त्यातल्या तेवीसच्या स्लिपवर एकही शिक्का नव्हता, कोरी करकरीत, आणि तीन पुस्तकांना स्लिप भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली होती. ती तीन कुठली? एक सापांवरचं, एक जादूचे प्रयोग आणि कोड्यांचं, आणि एक भुताच्या गोष्टींचं, ज्याचं कव्हर कधीच गेलं होतं. मुलांना काय हवंय ते कितीतरी वर्षं त्या कपाटातच लिहिलेलं होतं, मी बघितलं नव्हतं, काखेत कळसा म्हणतात तसं.

आता मी का बघितलं नव्हतं ते ऐका, कारण तुमचंही घोडं इथेच अडणार आहे. पहिल्या शाळेत मार्चअखेर स्टॉक मोजला तर चौदा पुस्तकं कमी भरली. ऑफिसनं सांगितलं, भरून द्या. ४१२ रुपये भरले, अर्धवेळच्या पगारातून. रक्कम मोठी नव्हती हो, पण सगळ्या स्टाफसमोर ज्या पद्धतीनं मागितली ते लागलं. पुढच्या जूनपासून मी पुरलेल्या धनावरच्या नागासारखी बसले. एका मुलाला एकच पुस्तक, सात दिवस, उशीर झाला की रोज पंचवीस पैसे दंड, पाचवीला नवीन पुस्तकं द्यायचीच नाहीत (फाडतात), हात धुतलेत का दाखवा. त्या वर्षी फक्त दोन पुस्तकं कमी आली, ऑफिस खूश, मी खूश, आणि वाचलं कोणीच नाही. पण त्याचा हिशोब कोण मागतंय? हरवलेल्या पुस्तकाची नोंद होते, न वाचलेल्याची होत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मुलांचं सोडा, आधी स्वतःचा बचाव करून घ्या. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७ ची आवृत्ती, नियम २१५) ग्रंथालयासाठी स्पष्ट लिहिलंय की वर्षभरात दिल्या-वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते स्वाभाविक धरावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करावी. आपल्या अनुदानित शाळेला हा नियम थेट लागू नाही, पण शाळा समितीसमोर ठेवायला यापेक्षा चांगला कागद नाही. हिशोब करून दाखवा त्यांना. सातशे मुलांनी वर्षाला बारा-बारा पुस्तकं जरी नेली तरी ८,४०० देवघेवी झाल्या, म्हणजे बेचाळीस पुस्तकं गेली तरी ते नियमात बसतं. एवढी सूट समितीच्या ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. मुख्याध्यापक बदलले की तोंडी सगळं हवेत जातं. हा ठराव झाल्याशिवाय बाकीचं काही करू नका, कारण तुम्हीही माणूस आहात, एकदा खिशाला चाट बसली की तुम्हीपण कुलूप लावाल.

आम्ही बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ केली, १९३१ सालची, त्यातलं पहिलंच सूत्र आहे की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. पेपरात दहा मार्कांना लिहिलं आणि शाळेत येऊन किल्ली कमरेला लावली. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आम्ही फोटोला हार घालायचो, फोटो बंद कपाटावर टेकवलेला असायचा. असो.

ठराव झाला की छाटणी. ३,२०० पैकी तुमच्याकडे निदान आठ-नऊशे पुस्तकं अशी निघतील की ज्यांना कोणी हात लावणार नाही, जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, कसरीनं चाळण केलेली, कुठल्या तरी योजनेत आलेले अहवाल, आणि ते एजंट लोक शाळेत येऊन गळ्यात मारतात ते थोर व्यक्तींच्या चरित्रांचे संच, चोवीस पानांचं एकेक, सगळ्यांचा जन्म गरीब कुटुंबात, सगळे लहानपणापासून हुशार, नाव बदललं तरी फरक पडत नाही. चरित्रं वाईट असतात असं नाही, हे संच वाईट असतात. हा कचरा चांगल्या पुस्तकांना झाकतो. मूल कपाटासमोर उभं राहिलं की त्याला चार मिनिटं मिळतात, त्यात त्याला दहापैकी सात कंटाळवाणी दिसली तर ते आठवं बघत नाही. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक रजिस्टरमधून रीतसर कमी करायची, प्रोसिजर वेळ खाते म्हणून तोवर हे सगळं मागच्या दोन कपाटांत कोंबा आणि कुलूप लावायचंच असेल तर त्यांना लावा.

उरलेली पुस्तकं मुलांच्या नजरेला येतील अशी ठेवा, कण्यावर नाव वाचून पुस्तक निवडणं हे मोठ्या माणसांचं काम आहे, मुलं कव्हर बघून उचलतात. भिंतीला नायलॉनची दोरी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि पातळ पुस्तकं उघडी लटकवा. बस, खर्च शंभर रुपये.

त्याहून भारी जागा मला चुकून सापडली. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची लाइन लागायची, दहा-पंधरा मिनिटं मुलं ताटली घेऊन उभी, ढकलाढकली, सर ओरडतायत. लायब्ररीत रंग द्यायचं काम निघालं म्हणून मी पंचवीसेक पुस्तकं एका बाकावर तिथे लाइनीच्या शेजारी काढून ठेवली होती. दुपारी जाऊन बघते तर लाइन गप्प. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात पुस्तक, पुढचा सरकला की न बघता पाय सरकतायत. सहावीचा एक मुलगा खिचडी घेऊन झाली तरी तिथेच उकिडवा बसून वाचत होता आणि खिचडीचाच हात पानाला लावत होता. ते पुस्तक सापांचं, पान अकरा, घोणसीच्या चित्राच्या खाली हळदीचा अंगठा. आधीची मी असते तर दंड केला असता. तो अंगठा नंतर इतका प्रसिद्ध झाला की मुलं "बाई, अंगठ्यावालं पुस्तक आहे का" असं विचारायची. नंतर बाक तिथेच कायम ठेवला. दोन वर्षांत त्या बाकावरची सहा पुस्तकं गेली, गेली तर गेली, कुणाच्या तरी घरी आहेत.

आता तासाचं गणित. तुमचा लायब्ररीचा तास पस्तीस मिनिटांचा असणार, वर्गात साठ मुलं, एकेकाची नोंद करायला अर्धं मिनिट धरलं तरी तीस मिनिटं त्यातच गेली. उरली पाच, त्यात मुलांनी निवडायचं कधी आणि वाचायचं कधी? यावर उपाय म्हणजे वर्गपेटी. प्रत्येक तुकडीला एक पत्र्याची पेटी, त्यात सत्तर पुस्तकं, पेटी वर्गातच राहणार, नोंद मुलंच एका शंभरपानी वहीत करणार, तारीख, हजेरी क्रमांक, दाखल क्रमांक (पुस्तकाचा रजिस्टरमधला नंबर), परत आल्यावर बरोबरची खूण. तुमच्या बारा तुकड्या असतील तर ८४० पुस्तकं लागली, तेवढी छाटणीनंतर आरामात निघतील. महिनाअखेरीला पेट्या एका तुकडीतून दुसरीत सरकवायच्या, पाचवी-सहावीच्या आपसात, सातवी-आठवीच्या आपसात. तुम्ही फक्त महिन्यातून एकदा वही बघायची. पेटीची किल्ली कोणाकडे द्यायची ते मात्र नीट ठरवा. मी पहिल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यात हुशार, शिस्तीच्या मुलीला दिली, ती हुबेहूब माझ्यासारखी वागायला लागली, कोणालाच पुस्तक देईना. मग दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून दोन मुलं निवडायचो.

आता जरा अवघड मुद्दा, यावर कोणी बोलत नाही म्हणून लांबण लावते. तुम्ही लिहिलंय की मुलं पुस्तक न उघडता परत आणतात. मला वाटायचं आळस, मोबाईल, रील्स. ते आहेच. पण एका वर्षी मी सहावीच्या मुलांना एकेक करून टेबलाशी बोलवून, सहज गप्पा मारल्यासारखं, त्यांनी निवडलेल्या पुस्तकातलं अर्धं पान वाचायला लावलं. साठातली पंधरा-सोळा मुलं ओळ सलग वाचू शकत नव्हती. अक्षर ओळखतात, साधे शब्द जातात, जोडाक्षर आलं की गाडी थांबते, 'प्रश्न' ला अडलं, 'दुष्काळग्रस्त' ला तर बंदच पडलं, आणि वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरून गेलेली असते. अशा मुलाला दोनशे पानांचं पुस्तक हातात देऊन आपण गोडीच्या गप्पा मारतो. ते मूल पुस्तक नेतं कारण नाही नेलं तर बाई विचारतात. तसंच आणतं.

या मुलांना चित्रांची, पानाला तीन-चार ओळींची पुस्तकं लागतात, शक्यतो कमी जोडाक्षरांची. पण सातवीच्या मुलाच्या हातात तसलं पुस्तक दिलं की शेजारचा हसतो, "ए बालवाडी" म्हणतो, आणि मग तो मरेल पण ते उचलणार नाही. मी काय केलं सांगते. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटं सातवीच्या मुलांनी पाचवीत जाऊन गोष्ट वाचून दाखवायची, दोन मुलांमागे एक वाचणारा. त्यासाठी अर्थातच सोपी पुस्तकं घ्यावी लागतात, आणि आधी दोन दिवस घरी प्रॅक्टिस करावी लागते, नाहीतर छोट्यांसमोर फजिती. आता सोपं पुस्तक नेण्याला कारण मिळालं, कारणही मोठेपणाचं. अडखळणारी मुलं एकच पुस्तक आठ-दहा वेळा वाचून यायची. डिसेंबरपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणांनी न सांगता जाड पुस्तकांकडे मोर्चा वळवला. सगळ्यांनी नाही, चार-पाच मुलं तशीच राहिली, त्यांना रोज समोर बसवून शिकवणारं माणूस लागतं, लायब्ररी त्याला पुरत नाही.

स्वतःला झेपेल असं पुस्तक मुलांना कसं निवडता येईल, तर मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत मूठ वळली तर पुस्तक सध्या ठेवून द्यायचं. आणि अशी सोपी पुस्तकं आणायची कुठून म्हणाल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर म्हणून साइट २०१५ पासून आहे, तिथे मराठीतल्या गोष्टी फुकट मिळतात, चार पातळ्यांत लावलेल्या, डाउनलोड करून छापायलाही परवानगी आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त पडते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साइटवर मोफत आहेत, पण मी म्हणेन छापील घ्या, मुलं मासिक जास्त बिनधास्त हाताळतात, पुस्तकाचं दडपण असतं त्यांना. रद्दीच्या दुकानात मुलांचे जुने दिवाळी अंक किलोवर मिळतात तेही सोडू नका.

(आजकाल एक वेगळाच प्रकार वाढलाय, मुलं घरी फाडफाड मराठी बोलतात पण इंग्लिश मीडियममधून आलेली, देवनागरी वाचायलाच दमतात. त्यांच्याकडेही हाच उपाय चालतो, फक्त त्यांना कमीपणा जास्त वाटतो.)

मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण धडा वाचता तसं नाही, मध्येमध्ये अर्थ सांगायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. तासाच्या शेवटची दहा मिनिटं, आणि बरोबर अडचणीच्या जागी पुस्तक मिटायचं. मुलगा विहिरीत उतरलाय, दोर सुटलाय, बेल झाली, पुस्तक पर्समध्ये. बोंबाबोंब होऊ दे. त्याच दुपारी स्टाफरूमच्या दारात तीन डोकी दिसतात, "बाई, ते पुस्तक एक दिवसासाठी द्या ना." म्हणून असं वाचायला घेताना त्याच्या तीन-चार प्रती आधीच पेटीत लपवून ठेवत जा. तुमच्याकडे फुरसुंगीहून येणारी मुलं असणारच, त्यांच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढा, तो मूळचा फुरसुंगीचाच. आपल्या गावाचं नाव छापलेलं बघून मुलांचे चेहरे कसे होतात ते बघाच एकदा.

सारांश लिहून घेऊ नका. मी चार वर्षं लिहून घेतले. पुस्तकाचं नाव, लेखक, मुख्य पात्रे, मिळालेला बोध. बोध! मुलांना पक्कं ठाऊक झालं की पुस्तक वाचलं की गृहपाठ मिळतो, मग कोण वाचेल. आणि स्पर्धा तर मुळीच घेऊ नका. दोन महिन्यांत सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस, अशी घेतली होती मी, आठवीतली एक मुलगी ६४ पुस्तकं वाचून पहिली आली, सुंदर अक्षरात नोंदवही, मुख्याध्यापकांच्या हस्ते बक्षीस. नंतर मी कौतुकानं विचारलं, एवढं कसं गं वाचलंस? तर शांतपणे म्हणाली, "बाई, मी पहिलं पान आणि शेवटचं पान वाचते, मधलं कळतंच." तिची काही चूक नव्हती, मी मोजायला सांगितलं, तिनं मोजून दिलं.

त्याऐवजी पुस्तकाच्या मागच्या कव्हरच्या आत एक कोरा कागद चिकटवा, वाचणाऱ्यानं पुढच्यासाठी एक ओळ लिहायची, लिहायची असेल तरच, नाव टाकायची सक्ती नाही. आणि वाईट लिहायला परवानगी हवी, तिथेच सगळी गंमत आहे. "४० पानापर्यंत बोर आहे, पुढे चालू ठेव." "कुत्रा मरतो, वाचू नको." खाली दुसऱ्यानं लिहिलेलं, "मेला तर मेला, मस्त आहे." एका अत्यंत थोर पुस्तकावर कोणीतरी लिहिलं होतं, "झोप येत नसेल तर घ्या." एका सरांनी त्यावर तक्रार केली. मी ते पुस्तक परत पेटीत टाकलं, त्या ओळीमुळेच पाच जणांनी नेलं. अर्धवट सोडायचीही मुभा द्या, आपण मोठी माणसं किती पुस्तकं पूर्ण करतो?

एकच पुस्तक परत परत नेणाऱ्याला अडवू नका. सातवी ब मधला एक मुलगा गाड्यांच्या इंजिनाचं पुस्तक ओळीनं नऊ वेळा घेऊन गेला, वर्गशिक्षक म्हणाले त्याला दुसरं काहीतरी द्या. मी म्हटलं, असू दे. दहाव्या वेळी त्यानं विचारलं, असंच विमानाचं आहे का.

दंड बंद करा. माझ्याकडे एक मुलगी होती, पाचवीत भरपूर वाचणारी, सहावीत दिसेनाशी झाली. आठवीत कळलं की तिच्या नावावर अकरा रुपये दंड होता, घरी मागायची सोय नव्हती, म्हणून दोन वर्षं ती लायब्ररीच्या जिन्यावरून जायचंसुद्धा टाळायची. अकरा रुपये. तेव्हापासून नियम असा केला की पुस्तक हरवलं तर घरचं-शेजारचं कुठलंही एक जुनं पुस्तक आणून द्यायचं, तेही नसेल तर दोन मधल्या सुट्ट्या माझ्याबरोबर बसून लेबलं चिकटवायची. उशिराला काहीच नाही. लेबलं चिकटवायला आलेली मुलं नंतर हलायचीच नाहीत, ते वेगळं.

आता सुट्टीचं. वर्षभर आपण ओरडतो की मुलांना वाचायला वेळ नाही, आणि ज्या दीड महिन्यात त्यांना वेळच वेळ असतो, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत, त्याच्या बरोबर आधी मार्चमध्ये आपण सगळी पुस्तकं गोळा करतो, मोजतो आणि कुलूप लावून गावाला जातो. कोणी ठरवलं हे? स्टॉक मार्चमध्येच मोजला पाहिजे असं मला तरी कोणी दाखवून दिलं नाही, वर्षातून एकदा मोजायचा एवढंच. मी तो दिवाळीच्या सुट्टीला लागून घ्यायला लागले आणि परीक्षा संपली की प्रत्येक मुलाला पाच पुस्तकं सुट्टीभरासाठी द्यायला लागले. ऑफिसमधून "बाई, वेड लागलंय का तुम्हाला" इथपर्यंत ऐकून घेतलं. पहिल्या वर्षी साधारण चारशे पुस्तकं बाहेर गेली, शाळा उघडल्यावर एकोणीस आली नाहीत, त्यातली अकरा गणपतीपर्यंत आली. काही तर कोकणात मामाकडे राहिली होती, एस.टी.नं आली.

पावसाची काळजी मात्र घ्या, पुस्तकं परत येतात ती नेमकी जूनच्या पावसात, आणि दप्तराच्या तळाशी डबा सांडलेला. आमच्या एका विद्यार्थिनीची आई शिवणकाम करायची, तिनं उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, आतून दुधाच्या पिशव्यांचं अस्तर, तोंडाला नाडी. पिशवी छान दिसते म्हणून पुस्तक नेणारी मुलं होती, चालेल की.

नववी-दहावीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. शाळा, क्लास, परत क्लास, रात्री साडेनऊला घरी. त्यांच्यासाठी वर्तमानपत्राचं खेळाचं पान, पातळ कथासंग्रह, मासिकं, स्पर्धा परीक्षांचं काहीतरी, एका टेबलावर मोकळं ठेवा आणि बसायला कट्टा द्या. आठवीपर्यंत ज्यानं चवीनं वाचलं तो बारावीनंतर परत येतो, हे मी बघितलंय.

शिक्षक वाचत नाहीत हा मोठा प्रश्न, त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल. एवढंच करा, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं सगळ्या शाळेनं एकाच वेळी गप्प वाचायचं, त्यात मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात खुर्ची टाकून, सगळ्यांना दिसेल असं बसायचं. आमचे शिपाईमामा त्या वेळात पेपरातलं राशिभविष्य वाचायचे. तेही वाचनच.

पैशाचं थोडक्यात. सरकारी शाळांना समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये येतात, तुमची शाळा त्यात बसत नसेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून समितीला दाखवा, त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा, असं लिहिलंय. खरेदीला अप्पा बळवंत चौकात जाताना चार मुलांना बरोबर न्या आणि निम्मे पैसे त्यांना खर्चू द्या. ती जे उचलतील त्यावर तुम्ही नाक मुरडाल, मीही मुरडायचे, पण डेटस्लिप त्यांच्याच पुस्तकांच्या भरतात. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून, तिथेही नेता येईल, फक्त रविवार टाळा.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल, तेव्हा मुलांच्या हातात पुस्तकं देऊन ओळीत बसवून फोटो काढायचा फतवा निघेल. काढा फोटो. पण त्या दिवशी दिलेली पुस्तकं परत गोळा करू नका.

आणि निर्लेखनाचा प्रस्ताव दिवाळीआधीच टाइप करून ऑफिसात द्या, दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि कारण असे चार रकाने पुरतात, कारणात 'जीर्ण' आणि 'कालबाह्य' हेच दोन शब्द वापरा, 'कंटाळवाणे' लिहिलं तर परत येतो, मी पाठवून बघितलाय.